मेगरॉन म्हणजे दालन की खड्डा?

शब्दखूण (धागाकर्ती)

मायसिनी काळातल्या (कांस्ययुगाच्या शेवटच्या) ग्रीक राजवाड्यांवरचं काहीही वाचायला घ्या, ‘मेगरॉन’ हा शब्द भेटतोच. व्याख्या ठरून गेलेली आहे. लांबट आयताकृती इमारत, पुढे दोन खांबांची देवडी, मग एक छोटी मधली खोली, तिच्यामागे मुख्य दालन. दालनाच्या मधोमध मोठी गोल चूल आणि चुलीभोवती छप्पर तोलणारे चार खांब. टिरिन्स आणि पायलॉस इथल्या राजवाड्यांत आत शिरल्यावर उजव्या हाताच्या भिंतीशी राजाच्या आसनाची जागाही सापडली. हे सगळं इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकातलं.

पण प्राचीन ग्रीक लोक स्वतः हा शब्द कशासाठी वापरायचे ते बघायला गेलं की ही व्याख्या फार अपुरी वाटते.

होमरपासून सुरुवात करू. ‘ओडिसी’मध्ये मेगरॉन म्हणजे घरातलं मुख्य दालन. ओडिसियसची बायको पेनेलपी हिच्याशी लग्न करायला आलेले मागणीदार इथेच बसून खातात-पितात आणि इथेच मारले जातात. बाविसाव्या सर्गाच्या शेवटी ओडिसियस गंधकाची धुरी देतो, तेव्हा कवी ‘मेगरॉन, घर आणि अंगण’ अशी तीन वेगळी नावं घेतो. मात्र तोच शब्द अनेकवचनात, ‘मेगरा’ असा आला की बहुतेक वेळा अर्थ अख्खं घर असा होतो.

तिथून इ.स.पू. पाचव्या शतकातल्या इतिहासकार हेरोडोटसकडे आलं की राजा गायब होतो आणि देव येतो. लिडियाचा राजा क्रीसस याचे दूत डेल्फीच्या देववाणीला प्रश्न विचारायला ‘मेगरॉन’मध्ये शिरतात, इराणी स्वारीच्या वेळी अथेन्सचे दूतही तिथेच जाऊन बसतात. इजिप्तमधल्या थीब्जचे पुजारी हेकाटियस या ग्रीक लेखकाला ज्या ‘मेगरॉन’मध्ये नेतात, तिथे मुख्य पुजाऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ३४५ लाकडी पुतळे उभे असतात. हेरोडोटसच्या या जागांसाठी आपल्याकडे ‘गाभारा’ हा एकच शब्द चपखल बसतो.

आणि तिसरा अर्थ तर जमिनीखालचा! धान्यदेवता डिमीटर आणि तिची मुलगी पर्सिफनी यांच्या पूजेत डुकराची जिवंत पिल्लं ज्या खड्ड्यांत टाकत, त्यांनाही ‘मेगरा’च म्हणत. इ.स. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस ग्रीसमधल्या थीब्जजवळच्या पॉटनीबद्दल हे सांगतो. नंतरच्या काळातला तत्त्वज्ञ पॉर्फिरी तर जणू नियमच देतो: ऑलिम्पसच्या देवांना मंदिरं आणि वेद्या, वीरपुरुषांना चूलवजा वेदी, पाताळातल्या देवतांना खड्डे आणि मेगरा.

राजाचं दालन, देवाचं अंतर्गृह, पिल्लं टाकायचा खड्डा. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ कसे? मला वाटतं, या तिन्हींना जोडणारी गोष्ट आकार नाही. तिन्ही ठिकाणी ‘आत जाणं’ आहे. अशी आतली जागा, जिथे कुणीही उठून जाऊ शकत नाही. मतं ऐकायला आवडतील.

---

कोकणकडा

मस्त विषय. पण इतकं अवघड का करायचं? ग्रीक ‘मेगास’ म्हणजे मोठा. आपल्या ‘महा’चा तो सख्खा नातलग आहे. मोठी खोली ती मेगरॉन. घरातली सर्वांत मोठी खोली म्हणून राजाची, मंदिरातली सर्वांत महत्त्वाची म्हणून देवाची. खड्ड्याचं काय ते बघता येईल.

---

भाषापारखी

@कोकणकडा, मेगास आणि संस्कृत महि-महत् यांचं नातं पक्कं आहे, त्यावर वाद नाही. अडचण पुढे आहे. मेगास या विशेषणाला ‘-अरॉन’ जोडून जागेचं नाव बनवायची रीत ग्रीकमध्ये नाही. असा दुसरा शब्द दाखवता येत नाही. याच्या बाजूने एकच आधार पुढे केला जातो: ‘मेगाइरो’ हे क्रियापद, अर्थ ‘फार आहे असं वाटून हात आखडणं, असूया करणं’. ते मेगासपासून निघालंय आणि त्यात ‘र’ आहे. पण क्रियापदातला ‘र’ आणि इमारतीच्या नावातला ‘र’ एकच, हे सिद्ध कसं करायचं?

रॉबर्ट बीक्स या डच भाषाशास्त्रज्ञाचा २०१०चा व्युत्पत्तिकोश हा शब्द ग्रीकांच्या आधीच्या भाषेतून आला असावा या बाजूला झुकतो. ग्रीक बोलणारे लोक त्या प्रदेशात आले, तेव्हा तिथे आधीपासून राहणाऱ्यांचे बरेच शब्द त्यांनी उचलले, त्यात इमारतींचे, झाडांचे, स्नानगृहाच्या टबापर्यंतचे शब्द आहेत. ‘मेगरॉन’ त्यातलाच असेल आणि ऐकायला मेगाससारखा वाटतो म्हणून लोकांच्या मनात ‘मोठं’ हा अर्थ त्याला चिकटला असेल, तर नवल नाही.

खड्ड्याच्या अर्थासाठी तिसरीच वाट आहे. हिब्रूमध्ये ‘मेआरा’ म्हणजे गुहा. अरबीत ‘मगारा’, अर्थ तोच. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की खड्डावाला शब्द सेमिटिक भाषांतून आला, दालनवाला वेगळा, आणि कालांतराने दोन्ही एकमेकांत मिसळले.

---

रानजाई

वाचतेय. खूप दिवसांनी असा धागा आला. पिल्लांच्या खड्ड्याबद्दल कुणी सविस्तर लिहील का?

---

पाटीपेन्सिल

@रानजाई, लिहितो. माझ्या आवडीचा भाग आहे.

थेस्मोफोरिया हा डिमीटरचा, फक्त बायकांचा सण. अथेन्समध्ये तो शरद ऋतूत, पेरणीच्या तोंडावर, तीन दिवस चाले. पहिला दिवस ‘वर जाण्याचा’, दुसरा उपासाचा, तिसरा ‘सुंदर संततीचा’. पुरुषांना मज्जाव असल्यामुळे आत काय चालायचं याची माहिती तुकड्यांत मिळते. सर्वांत तपशीलवार तुकडा लुशियन या लेखकाच्या ग्रंथावर नंतर कुणीतरी लिहिलेल्या टीपेत आहे.

त्या टीपेनुसार पिल्लं खोल विवरांत टाकली जात. ती तिथे कुजत. मग तीन दिवस व्रतस्थ राहिलेल्या बायका, ज्यांना ‘उपसणाऱ्या’ असंच नाव होतं, त्या खाली उतरून कुजलेले अवशेष वर आणत आणि वेदीवर ठेवत. खाली साप असतात अशी समजूत होती, म्हणून उतरताना टाळ्या-आवाज करत. त्या अवशेषांतला भाग बियाण्यात मिसळून पेरला की पीक जोमदार येतं, ही श्रद्धा. कथा अशी की पर्सिफनीला पाताळाचा राजा पळवून नेत होता तेव्हा युब्युलियस नावाचा गुराखी तिथेच डुकरं चारत होता आणि जमीन दुभंगली त्यात त्याचा कळपही गडप झाला.

आता हे नुसतं कागदावरचं नाही. आजच्या तुर्कस्तानातल्या क्निडस इथे चार्ल्स न्यूटनने १८५८च्या सुमारास डिमीटरचं पवित्र स्थान खोदलं, तेव्हा जमिनीखालच्या एका खोलीत डुकरांची हाडं आणि संगमरवराची छोटी डुकरं सापडली. डिमीटरची बसलेली सुप्रसिद्ध मूर्ती, जी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, ती याच परिसरातली.

म्हणून मला ‘दोन वेगळे शब्द’ हा तोडगा पटायला जड जातो. हेरोडोटसच्याच सहाव्या पुस्तकात मॅरेथॉनची लढाई जिंकणारा मिल्टियाडीस पारोस बेटावर जातो तो प्रसंग बघा. डिमीटर थेस्मोफोरॉसच्या आवाराचं दार उघडत नाही म्हणून तो कुंपणावरून उडी मारतो आणि ‘मेगरॉन’कडे जातो. दाराशी पोचताच त्याच्या अंगावर काटा येतो, तो मागे फिरतो, आणि परत उडी मारताना मांडीला इजा होते. पुढे त्याच जखमेने तो अथेन्समध्ये मरतो. हे मेगरॉन डिमीटरचं आहे, पण त्याला दार आहे. मग ते दालन म्हणायचं की खड्डा? हेरोडोटसला तसा फरक करायची गरजच वाटत नाही.

---

शब्दखूण

@पाटीपेन्सिल, पारोसचा प्रसंग आणल्याबद्दल मनापासून आभार. मी मूळ लेखात ‘कुणीही उठून जाऊ शकत नाही’ म्हटलं ते याच प्रसंगामुळे.

@भाषापारखी, आणखी एक दुवा. नवव्या शतकातला कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू फोशियस याच्या कोशात ‘मागरॉन’ असं वेगळं रूप नोंदलंय. तो बजावतो, ‘मेगरॉन नव्हे’. गूढविधीतल्या पवित्र वस्तू जिथे ठेवतात ते मागरॉन. आधार म्हणून नाटककार मेनांडरचं नाव देतो. स्वरातला हा बदल ‘मगारा’च्या जवळ जात नाही का?

---

भाषापारखी

जातो, आणि सेमिटिक बाजूचा तो सर्वांत भक्कम पुरावा आहे. पण ए आणि आ यांची अशी अदलाबदल ग्रीकपूर्व भाषेतून आलेल्या शब्दांतही वारंवार दिसते. म्हणजे तोच पुरावा दोन्ही पक्षांना वापरता येतो. माझं मत विचाराल तर शब्द एकच, ग्रीकपूर्व, आणि त्याचा मूळ अर्थ ‘बंदिस्त अशी आतली जागा’ असा काहीतरी. तुमच्या मताच्या मी बराच जवळ आहे, पण होमरमुळे अडखळतो. त्याचं मेगरॉन सताड उघडं आहे. भिकारी येतो, गवई गातो, मागणीदार लोळतात. तिथे मज्जाव कुठे आहे?

---

सागरगोटा

पायलॉसला जाऊन आले आहे, म्हणून लिहिते.

ग्रीसच्या नैऋत्येला मेसिनियात, एपानो एंग्लियानॉस नावाच्या टेकडीवर हा राजवाडा आहे. कार्ल ब्लेगेन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९३९ मध्ये पहिलाच चर खणला आणि पहिल्याच दिवशी लिनियर बी या मायसिनी ग्रीकांच्या लिपीतल्या मातीच्या पाट्या हाती आल्या. मग महायुद्ध आलं, काम थांबलं, ते १९५२ साली पुन्हा सुरू झालं. इ.स.पू. १२००च्या आसपास लागलेल्या आगीने राजवाडा संपवला आणि त्याच आगीने मातीच्या पाट्या भाजून टिकवल्या.

आता वर मोठं छप्पर आहे आणि उंचावरच्या पुलावरून खाली बघत चालता येतं. सगळ्या जागेत नजर खिळते ती चुलीवर. व्यास सुमारे ४ मीटर! दोन्ही हात पसरलेली दोन माणसं शेजारी-शेजारी आडवी निजतील एवढी. काठावर ज्वाळांची नक्षी रंगवलेली होती. चार बाजूंना खांबांच्या बैठका. खांब लाकडी, ते जळून गेले, पण त्यांच्यावरच्या उभ्या पन्हळ्यांचे ठसे गिलाव्यात राहिले. जमीन चौकोनांत रंगवलेली, आणि आसनासमोरच्या एका चौकोनात अष्टपाद. आसनाच्या मागच्या भिंतीवर पंखांचे सिंह-गरुड. दुसऱ्या चित्रात खडकावर बसून तंतुवाद्य वाजवणारा एक गायक आणि त्याच्यासमोर उडणारा पांढरा पक्षी.

आसनाशेजारी जमिनीत दोन उथळ वाट्या आणि त्यांना जोडणारी एक पन्हळ कोरलेली आहे. बसल्या जागेवरून मद्य ओतून अर्घ्य देता यावं, म्हणून असावी. हे बघितल्यावर मला राजाचं दालन आणि देवाची जागा असा भेदच उरला नाही. चुलीजवळ अर्घ्याचं मेज आणि छोटे प्यालेही सापडले आहेत. तिथे राजा बसून कारभार बघत असेल, तर त्या कारभारात पूजा धरलेलीच होती.

@भाषापारखी यांच्या शंकेबद्दल: देवडी, मग मधली खोली, मग दालन. मायसिनी मेगरॉनमध्ये अंगणातून थेट चुलीपर्यंत पोचता येत नाही. दोन उंबरे ओलांडावे लागतात. होमर त्यानंतर चारेकशे वर्षांनी गातोय.

---

शब्दखूण

आणि होमरच्या घरातही चुलीजवळ पोचण्याला वजन आहे. सहाव्या सर्गात राजकन्या नॉसिका ओडिसियसला नेमकं सांगते: अंगणात आलास की भरभर मेगरॉन ओलांडून जा, माझी आई चुलीशी, आगीच्या उजेडात, खांबाला टेकून जांभळी लोकर कातत बसलेली असेल, वडिलांना मागे टाक आणि तिचे गुडघे धर. अनोळखी माणूस चुलीपर्यंत पोचला, राखेत बसला, की त्याला हाकलता येत नाही. मागणीदार मेगरॉनमध्ये लोळतात हाच तर त्यांचा अपराध आहे. धुरीने शुद्ध करावं लागतं ते यासाठी.

---

दगडमाती

मी उत्खननाच्या बाजूने बोलतो, कारण हा गोंधळ प्राचीनांपेक्षा आपल्या काळातल्या लोकांनी जास्त वाढवलाय.

१८८४-८५ मध्ये श्लीमान आणि डोर्पफेल्ड यांनी टिरिन्स खोदलं. डोर्पफेल्ड मूळचा वास्तुविशारद. समोर आलेल्या पायाच्या भिंतींना नावं द्यायची होती आणि हाताशी होमर होता. मोठ्या दालनाला ‘पुरुषांचं मेगरॉन’, शेजारच्या छोट्याला ‘स्त्रियांचं मेगरॉन’ अशी नावं पडली. छोट्या दालनात फक्त बायका राहायच्या याला जमिनीतून पुरावा काहीच नव्हता. ती वाटणी कवितेतून आली आणि नंतरच्या अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतली.

तिथून ‘मेगरॉन’ म्हणजे देवडी असलेली कुठलीही लांबट इमारत, असा सर्रास वापर सुरू झाला. ट्रॉयच्या दुसऱ्या थरातली इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातली मोठी इमारत? मेगरॉन. थेसलीतल्या डिमिनीची नवाश्मयुगीन घरं? मेगरॉन. फ्रिजियन लोकांच्या गॉर्डियन शहरातल्या, इ.स.पू. नवव्या-आठव्या शतकातल्या, गारगोट्यांच्या नक्षीची जमीन असलेल्या इमारती? त्याही मेगरॉन. फ्रिजियन लोक ग्रीक नव्हते आणि नवाश्मयुगात तर ग्रीक भाषा तिथे होती की नाही हाच प्रश्न. अशाने शब्दाला फक्त आकार उरतो. पास्कल दार्क या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १९९० मध्ये सरळ म्हटलं की हा शब्दच सोडून द्या. मला ते पटतं. ‘चूल असलेलं मुख्य दालन’ म्हणावं, जे दिसतं ते सांगावं.

---

कोकणकडा

मग ग्रीक मंदिर मेगरॉनपासून आलं असं सगळीकडे वाचतो, त्याचं काय?

---

दगडमाती

आकारात सारखेपणा आहे, मधले दुवे विरळ आहेत. टिरिन्सला राजवाडा जळाल्यावर मोठ्या मेगरॉनच्या आतच, त्याची एक भिंत वापरून, एक अरुंद इमारत उभी राहिली. आसनाची जागा तीच ठेवली, चूल मात्र गेली. युबिया बेटावरच्या लेफकांडीला इ.स.पू. ९५०च्या सुमाराची, सुमारे ५० मीटर लांबीची इमारत सापडली. तिच्या आत एका योद्ध्याचं आणि एका स्त्रीचं दफन, शेजारी घोडे. ती घर होती की समाधी, यावर अजून वाद आहे. एटोलियातल्या थर्मॉनला अपोलोच्या मंदिराखाली आधीच्या इमारती आहेत, त्यांनाही ‘मेगरॉन अ’, ‘मेगरॉन ब’ म्हणतात. राजवाडे पडल्यावर गावच्या म्होरक्याच्या घरातच पूजा होत असावी आणि हळूहळू देवाला वेगळं घर मिळालं असावं, असं मानायला जागा आहे. पण सरळ रेघ ओढू नये.

---

शब्दखूण

@दगडमाती, तुमचा राग रास्त आहे, पण शब्द टाकून द्यायला माझा विरोध. नकाशावर चिकटवलेली चिठ्ठी म्हणून तो चुकीच्या जागी गेला, हे मान्य. म्हणून ती चिठ्ठी ट्रॉयवरून काढा. होमर, हेरोडोटस, पॉसेनियस यांच्याकडून कशाला काढायची? त्यांच्या वापरात त्याला जो अर्थभार आहे, तो ‘मुख्य दालन’मध्ये येत नाही.

---

नर्मदाकाठ

मेगरा नावाचं गाव आहे ना? अथेन्स आणि कॉरिंथच्या मध्ये. त्याचा संबंध?

---

पाटीपेन्सिल

आहे, आणि पॉसेनियसच दोन्ही बाजू देतो. मेगराचे लोक म्हणायचे, फोरोनियसचा मुलगा कार याच्या काळात इथे पहिल्यांदा डिमीटरची स्थानं बांधली गेली, त्यांना मेगरा म्हणत, तेच गावाचं नाव झालं. शेजारच्या बिओशियाचे लोक म्हणायचे, नाही, समुद्रदेव पोसायडनचा मुलगा मेगरियस आमच्याकडून मदतीला आला, लढाईत पडला, त्याच्यावरून नाव. वीराच्या नावाची कथा अशा वेळी बहुधा नंतर रचलेली असते. गावकऱ्यांची बाजू मला जास्त खरी वाटते, कारण तिथे डिमीटरची पूजा खरोखर मोठी होती.

---

अथेन्सवासी

नोकरीनिमित्त इथे राहतो. हा शब्द इथे रोज कानावर पडतो. आधुनिक ग्रीकमध्ये ‘मेगरो’ म्हणजे भव्य इमारत. पंतप्रधानांचं कार्यालय १९८२पासून ‘मेगरो मॅक्सिमू’मध्ये आहे आणि बातम्यांत नुसतं ‘मॅक्सिमू म्हणतं’ असं ऐकू येतं. राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान ‘प्रोएद्रिको मेगरो’. १९९१ मध्ये उघडलेलं संगीतगृह ‘मेगरो मुसिकिस’, त्याच नावाचं मेट्रो स्टेशनही आहे. खड्डा, गुहा, डुक्कर यांचा मागमूस नाही. कोकणकडा यांचं ‘मोठी इमारत’ इथे शेवटी जिंकलंय.

---

रानजाई

सुंदर चर्चा. एक प्रश्न उरतो. खड्डा आणि दालन हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी भेटतात असं प्रत्यक्ष स्थळ कुठे आहे का?

---

शब्दखूण

@रानजाई, आर्केडियातलं लिकोसूरा. ‘डेस्पोइना’ म्हणजे ‘स्वामिनी’ या देवीचं स्थान. ती डिमीटरची मुलगी, खरं नाव दीक्षा न घेतलेल्यांसमोर उच्चारायचं नाही, म्हणून पॉसेनियस लिहीतही नाही. तो सांगतो की मंदिराच्या थोडं वर, उजवीकडे, ‘मेगरॉन’ नावाची जागा आहे. आर्केडियाचे लोक तिथे गूढविधी करतात आणि भरपूर बळी देतात. पद्धत इतरांहून वेगळी: गळा चिरत नाहीत, बळीचा जो अवयव हाती येईल तो प्रत्येक जण तोडतो.

उत्खननात मंदिराजवळच्या चढावर एक बांधकाम सापडलं, ते पॉसेनियसचं मेगरॉन मानतात. मध्ये चूल असलेलं दालन ते नाही आणि नुसता खड्डाही नाही. पायऱ्यांच्या मोठ्या वेदीसारखी, भिंतींनी घेरलेली जागा आहे. तिथे राख आणि भाजक्या मातीच्या पुष्कळ छोट्या मूर्ती मिळाल्या. अंगावर माणसाची लांब वस्त्रं आणि मुंडकी मेंढ्यांची, गाईंची. मंदिरातल्या देवीच्या भव्य मूर्तीच्या संगमरवरी वस्त्राचा तुकडा अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याच्या काठावरही अशाच प्राणिमुखी आकृती नाचताना आणि वाद्यं वाजवताना कोरल्या आहेत. @अथेन्सवासी, तुम्ही तिथे जाल तेव्हा तो काठ जवळून बघा, आणि जमलं तर फोटो इथे टाका.

---

अथेन्सवासी

नक्की. या रविवारीच जातो.